आपत्तीकाळातील पाळीव प्राण्यांची सुरक्षा

आपत्तीकाळातील पाळीव प्राण्यांची सुरक्षा हा आपत्ती व्यवस्थापनाचा एक भाग आहे. पूर, चक्रीवादळ, भूकंप, दरड कोसळणे, आग, उष्णतेची लाट, औद्योगिक अपघात अशा प्रसंगी माणसांच्या आश्रयाने राहणाऱ्या प्राण्यांचे प्राण वाचविणे, त्यांचे स्थलांतर करणे, त्यांना निवारा व उपचार देणे आणि ताटातूट झाल्यास त्यांची मालकाशी पुन्हा भेट घडविणे, यांसाठी केलेल्या तयारीचा त्यात समावेश होतो. या तयारीचे दोन घटक मानले जातात. पहिला घटक कुटुंबाने स्वतःच्या प्राण्यासाठी केलेली पूर्वतयारी हा आहे, तर दुसरा घटक आपल्या परिसराची व शेजाऱ्यांची नेमकी जाण हा आहे. आपत्ती आली तेव्हा मालक घरी नसेल, तर प्राण्यापर्यंत सर्वप्रथम शेजारीच पोहोचू शकतो. म्हणून शेजाऱ्यांना ठाऊक नसलेली कौटुंबिक योजना अपुरी ठरते.

प्राण्यांच्या सुरक्षेचा प्रश्न माणसांच्या सुरक्षेशी थेट जोडलेला आहे. प्राण्याला मागे ठेवावे लागेल या भीतीने अनेक जण घर सोडण्यास नकार देतात. काही जण सुरक्षित स्थळी पोहोचल्यावर प्राण्यासाठी धोक्याच्या जागी परत जातात. या दोन्ही कारणांनी मनुष्यहानी झाल्याचे जगभरातील आपत्तींमध्ये दिसून आले आहे.

संज्ञा व व्याप्ती

मराठीत ‘पाळीव प्राणी’ ही संज्ञा व्यापक आहे. शहरी वापरात तिचा अर्थ प्रामुख्याने कुत्रा, मांजर, पिंजऱ्यातील पक्षी व मत्स्यपात्रातील मासे असा होतो. ग्रामीण वापरात गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, गाढव व कोंबड्या यांचाही त्यात समावेश असतो. पहिल्या गटाला सहचर प्राणी, तर दुसऱ्या गटाला पशुधन असे म्हटले जाते. शासकीय योजना, नुकसानभरपाई आणि बचावकार्य यांत या दोन गटांना वेगवेगळी वागणूक मिळते. प्रत्यक्षात मात्र एकाच घरात दारातील कुत्रा व गोठ्यातील म्हैस दोन्ही असतात आणि कुटुंबाचा निर्णय दोघांचा विचार करूनच होतो.

याशिवाय कोणा एकाच्या मालकीची नसलेली, परंतु वस्तीच्या आधाराने जगणारी कुत्री व मांजरे हा तिसरा गट आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्ये अशा कुत्र्यांसाठी सामुदायिक प्राणी या अर्थाची संज्ञा वापरली आहे.

इतिहास

ब्रिटन, १९३९

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्यांच्या काळातील प्राण्यांच्या व्यवस्थेसाठी १९३९ साली एक राष्ट्रीय समिती नेमण्यात आली. तिने प्राणिमालकांसाठी काढलेल्या पत्रकात शक्य असल्यास प्राणी आधीच खेड्यात पाठवावेत, असा सल्ला दिला होता. तसेच शेजाऱ्यांकडे सोपविण्याचीही सोय नसल्यास त्यांना वेदनारहित मरण देणे हेच दयेचे ठरेल, असेही म्हटले होते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर होताच पहिल्या काही दिवसांतच लक्षावधी कुत्री व मांजरे मालकांनी स्वतःहून मारवून घेतली. त्या वेळी एकही बॉम्ब पडलेला नव्हता. लंडनवरील सलग हवाई हल्ले सुरू होण्यास सप्टेंबर १९४० उजाडावे लागले.

पुढे याच समितीने स्वयंसेवकांच्या साहाय्याने वस्त्यांमधील प्राण्यांची नोंद केली. प्राण्यांच्या गळपट्ट्याला नोंदणी क्रमांकाची चकती अडकविण्याची पद्धत सुरू झाली आणि हल्ल्यात हरवलेले प्राणी त्या क्रमांकावरून मालकांकडे पोहोचविता आले. तयारीच्या अभावी झालेला संहार आणि परिसरनिहाय नोंदीमुळे वाचलेले प्राणी अशा दोन्ही बाजू या एकाच घटनाक्रमात दिसतात.

अमेरिका, २००५

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या लुईझियाना राज्याच्या किनाऱ्यावर धडकले. न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटून बहुतांश शहर पाण्याखाली गेले. बहुसंख्य निवारा केंद्रांत आणि बचाव वाहनांत प्राण्यांना प्रवेश नव्हता. त्यामुळे अनेकांनी घरे सोडलीच नाहीत आणि हजारो प्राणी बंद घरांत अडकून पडले. बसमध्ये चढताना एका लहान मुलाच्या हातातून त्याचा ‘स्नोबॉल’ नावाचा कुत्रा काढून घेतल्याचे वृत्त देशभर गाजले.

यानंतर लोकमताच्या रेट्यामुळे अमेरिकी काँग्रेसने कायदा केला व ६ ऑक्टोबर २००६ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘पेट्स’ कायदा म्हणून ओळखला जातो. राज्ये व स्थानिक संस्था यांच्या आपत्कालीन आराखड्यांत घरगुती प्राणी आणि अपंग व्यक्तींना साहाय्य करणारे प्राणी यांचा विचार असणे या कायद्याने आवश्यक झाले.

जपान, २०११

११ मार्च २०११ रोजी झालेला भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा दाइइची अणुऊर्जा केंद्रातील दुर्घटना यांमुळे केंद्रापासून २० किलोमीटर परिघातील रहिवाशांना तातडीने हलविण्यात आले. काही दिवसांतच परत येता येईल या समजुतीने अनेकांनी कुत्री बांधलेली व गुरे गोठ्यातच ठेवली. प्रवेशबंदी लांबल्यामुळे त्यांतील पुष्कळ प्राणी उपासमारीने मेले. २०१३ साली जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने आपत्तीकाळातील पाळीव प्राण्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील मुख्य कल्पना ‘दोको हिनान’, म्हणजे प्राण्यासह स्थलांतर ही आहे. मालकाने प्राण्याला घेऊनच बाहेर पडावे, असा तिचा अर्थ आहे. निवारा केंद्रात प्राणी व माणूस एकाच खोलीत राहतील, असे मात्र तिच्यात अभिप्रेत नाही. प्राण्यांसाठी स्वतंत्र जागा ठरविणे, ती स्वच्छ राखणे आणि ॲलर्जी असलेल्या व्यक्तींचा विचार करणे ही जबाबदारी केंद्राचे व्यवस्थापक व मालक यांनी वाटून घ्यायची असते.

भारतातील अनुभव

ऑगस्ट २०१८ मधील केरळच्या महापुरात त्रिशूर येथील एका महिलेने आपल्या २५ कुत्र्यांना सोडून बचाव नौकेत बसण्यास नकार दिला. प्राणी बचाव पथक आल्यावर सर्व कुत्र्यांसह तिची सुटका झाली.

महाराष्ट्रात ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, पंचगंगा व त्यांच्या उपनद्यांना आलेल्या महापुराने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील शेकडो गावे वेढली गेली. दूधदुभत्यावर संसार चालणाऱ्या या भागात जनावरे मागे ठेवून निघण्यास अनेक कुटुंबे तयार नव्हती. घरातील स्त्रिया, मुले व वृद्ध यांना पुढे पाठवून कर्त्या पुरुषाने गोठ्याजवळ थांबावयाचे, असा मार्ग पुष्कळ ठिकाणी स्वीकारला गेला. नौका माणसांसाठी होत्या. म्हैस किंवा बैल नौकेतून नेणे शक्य नसल्याने पाणी चढण्यापूर्वी हलविलेली जनावरेच सुरक्षित राहिली. जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथे पाणी अल्पावधीत चढले, तेव्हा असा अवकाशही फारसा मिळाला नाही.

कायदेशीर स्थिती

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधील आपत्तीच्या व्याख्येत जीवितहानी, मालमत्तेचे नुकसान व पर्यावरणाचा ऱ्हास यांचा उल्लेख आहे. प्राण्यांचा स्वतंत्र उल्लेख नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार दुभती जनावरे, ओढकामाची जनावरे, वासरे, शेळ्या-मेंढ्या व कोंबड्या मृत झाल्यास साहाय्य मिळते. २०२२ ते २०२६ या कालावधीच्या निकषांत गाय-म्हशीसाठी ३७,५०० रुपये, तर शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये अशी रक्कम असून प्रत्येक कुटुंबामागे जनावरांच्या संख्येला मर्यादा आहे. कुत्रा व मांजर यांचा या निकषांत समावेश नाही.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ३ प्रमाणे ताब्यातील प्राण्याचे कल्याण पाहणे व त्याला अनावश्यक वेदना होऊ न देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. याच कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला उपासमार किंवा तहान यांमुळे यातना होतील अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क (छ) मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे.

कौटुंबिक पूर्वतयारी

ओळख

हरवलेला प्राणी परत मिळण्यात ओळखचिन्हाचा वाटा मोठा असतो. कुत्र्याच्या व मांजराच्या पट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक न पुसणाऱ्या अक्षरांत असावा. आपत्तीत मालकाचा संच बंद पडू शकत असल्याने परगावच्या एका नातेवाइकाचा क्रमांकही लिहावा. त्वचेखाली बसविण्याच्या मायक्रोचिपमध्ये १५ अंकी क्रमांक असतो. हा क्रमांक वाचनयंत्रानेच कळतो. प्राणी कोठे आहे हे मायक्रोचिप सांगत नाही. मालकाचा पत्ता किंवा दूरध्वनी बदलल्यास नोंदही बदलून घ्यावी लागते. गुरांच्या कानात पशुसंवर्धन विभागातर्फे १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला मारला जातो. नुकसानभरपाईच्या वेळीही तो उपयोगी पडतो.

प्राण्याचे अलीकडचे छायाचित्र जवळ ठेवावे. त्यांपैकी एका छायाचित्रात मालक व प्राणी एकत्र असावेत. त्यामुळे मालकीविषयी वाद उद्भवत नाही.

लसीकरण व कागदपत्रे

दाटीवाटीच्या निवाऱ्यात संसर्ग झपाट्याने पसरतो. कुत्रे व मांजर यांचे रेबीजप्रतिबंधक लसीकरण वेळच्या वेळी झालेले असावे. कुत्र्यांना लेप्टोस्पायरोसिसची लसही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने देता येते. गुरांना पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लसी देण्याची पद्धत आहे. लसीकरणाची नोंदवही, पालिकेचा परवाना व औषधांच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती जलरोधक पिशवीत ठेवाव्यात आणि त्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीतही असावीत.

आपत्कालीन पिशवी

घरातील माणसांच्या पिशवीशेजारीच प्राण्याची पिशवी तयार असावी. तिच्यात साधारणपणे पुढील वस्तू असतात:

• किमान तीन ते सात दिवस पुरेल एवढे कोरडे खाद्य, हवाबंद डब्यात
• पिण्याचे पाणी व पसरट भांडे (कुत्र्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते; १० किलो वजनाच्या कुत्र्यासाठी हे प्रमाण अर्धा लिटरहून थोडे अधिक होते)
• नियमित औषधे, कापूस, पट्टी व जंतुनाशक द्रावण
• जादा पट्टा, साखळी व तोंडाला बांधण्याचे मुसके
• मांजर, ससा किंवा पक्षी यांच्यासाठी वाहून नेता येईल असा पिंजरा व त्यावर टाकण्यासाठी सुती कापड
• जुनी वर्तमानपत्रे, मांजराची वाळू व कचऱ्याच्या पिशव्या
• प्राण्याच्या ओळखीचा वास असलेले पांघरूण किंवा खेळणे

खाद्य व औषधे दर काही महिन्यांनी बदलावीत. मदत केंद्रात मिळणाऱ्या शिजवलेल्या अन्नात बहुधा कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्या-मांजरांना अपायकारक ठरतो. त्यामुळे त्यांच्या स्वतंत्र खाद्याची सोय आवश्यक असते. माणसांच्या औषधांपैकी पॅरासिटामॉल मांजराला प्राणघातक ठरू शकते.

सराव

घाबरलेले मांजर आयत्या वेळी पिंजऱ्यात शिरत नाही. यासाठी पिंजरा एरवीही घरात उघडा ठेवावा आणि त्यात अधूनमधून खाऊ घालावा. कुत्र्याला मुसक्याची, वाहनात बसण्याची व हाकेला येण्याची सवय असावी. दिवाळीतील फटाक्यांच्या आवाजाने दरवर्षी अनेक कुत्री बिथरून घरापासून दूर पळतात. आपला प्राणी मोठ्या आवाजाला कसा प्रतिसाद देतो आणि घरात कोठे लपतो, हे त्या दिवसांत पाहून ठेवल्यास पुढे शोधाशोध कमी होते.

निवाऱ्याची निश्चिती

निवारा केंद्रात प्राण्याला प्रवेश असेलच, असे नाही. म्हणून धोक्याच्या क्षेत्राबाहेरील नातेवाईक, प्राण्यांचे वसतिगृह, पशुवैद्यकीय दवाखाना अथवा प्राणी कल्याण संस्था यांपैकी किमान दोन पर्यायांशी आधीच बोलून ठेवावे लागते.

परिसराची जाण

परिसराची जाण म्हणजे आपण राहतो तेथील धोके, वाटा, माणसे व प्राणी यांची अद्ययावत माहिती असणे. ही माहिती प्रत्यक्ष फिरून मिळवावी लागते. कुत्र्याला रोज फिरविणारी व्यक्ती किंवा गुरे चारणारा गुराखी यांना ती इतरांपेक्षा अधिक असते, असे दिसून येते.

स्थळांची माहिती

पावसात प्रथम कोणती गल्ली तुंबते, उघडे नाले व झाकणे नसलेली गटारद्वारे कोठे आहेत, रोहित्र व लोंबत्या वीजतारा कोठे आहेत, कोणती भिंत किंवा झाड कललेले आहे, याची नोंद पावसाळ्यापूर्वी करावी. उंचवट्यावरची शाळा, देवळाचे आवार किंवा माळरान येथे जाण्याच्या दोन वेगवेगळ्या वाटा ठाऊक असाव्यात. महाराष्ट्रात नदीकाठी निळी व लाल पूररेषा आखली जाते. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी संबंधित आहे. आपला गोठा या रेषांच्या कोणत्या बाजूस आहे, हे मालकाला माहीत असणे उपयुक्त ठरते.

इशाऱ्यांची माहिती

नदीची इशारा पातळी व धोका पातळी ठरलेली असते. कोल्हापूर येथे राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. माणसांचे स्थलांतर धोका पातळीच्या सुमारास सुरू झाले तरी चालू शकते. गुरांच्या बाबतीत इशारा पातळी हीच निघण्याची वेळ मानणे हितावह असते, कारण गुरे पायी न्यावी लागतात आणि रस्ते लवकर पाण्याखाली जातात.

भारतीय हवामान विभाग हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल या रंगांत इशारे देतो. विजेच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनी उपयोजन विकसित केले आहे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, सर्व आपत्कालीन सेवांसाठी ११२ आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हे क्रमांक वापरले जातात.

शेजाऱ्यांची यादी

गृहनिर्माण संस्थेत, चाळीत किंवा वाडीत कोणत्या घरी कोणते प्राणी आहेत, ते कोणत्या खोलीत असतात, त्यांचा स्वभाव कसा आहे, त्यांना कोणती औषधे लागतात आणि घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, एवढी माहिती एका कागदावर असावी. प्रत्येक प्राण्यासाठी मालकाखेरीज एक जोडीदार शेजारी ठरविला जातो. प्राण्याने त्या शेजाऱ्याला ओळखणे आवश्यक असल्याने त्याच्या हातून अधूनमधून खाणे देण्याची प्रथा उपयोगी ठरते. बंद घराच्या दारावर आत प्राणी असल्याची सूचना लावल्यास अग्निशामक दलाला मदत होते. घर रिकामे केल्यावर ती सूचना काढून टाकावी, अन्यथा बचाव कर्मचारी विनाकारण आत शिरतात.

एकटे राहणारे वृद्ध, अपंग व्यक्ती आणि दिवसभर कामावर असणारी कुटुंबे यांच्या प्राण्यांकडे यादीत विशेष लक्ष दिले जाते. वस्तीतील सामुदायिक कुत्र्यांना रोज खाऊ घालणारी व्यक्ती कोण, हेही नोंदवावे. कारण संकटात ती कुत्री तिच्याच हाकेला येतात.

ग्रामीण रचना

खेड्यात ही जबाबदारी ग्रामपंचायत, पोलीस पाटील, कोतवाल, पशुवैद्यकीय दवाखाना आणि दूध संस्था यांच्यात विभागली जाते. दूध संस्थेकडे कोणत्या घरात किती दुभती जनावरे आहेत याची रोजची नोंद असते. त्यामुळे गावातील गुरांची यादी करण्यासाठी ती सोयीची जागा आहे. ‘आपदा मित्र’ योजनेत प्रशिक्षित झालेले स्वयंसेवक असल्यास त्यांनाही यादीची प्रत देता येते. पूर्वी दवंडीने होणारे काम आता ध्वनिक्षेपक व भ्रमणध्वनीवरील गट यांद्वारे होते. या गटांवर अफवाही पसरतात. धरण फुटल्यासारख्या वार्तांची खातरजमा नियंत्रण कक्षाकडून करून घेणे आवश्यक असते.

आपत्तीच्या वेळची कार्यवाही

पूर

कोणताही प्राणी बांधलेला अथवा कोंडलेला ठेवून घर सोडू नये, हा पूरकाळातील मूलभूत नियम आहे. दावणीला बांधलेले जनावर पोहता येत असूनही बुडते. पावसाळ्यात दाव्याला एका ओढीत सुटणारी गाठ मारावी आणि गोठ्यात हाताशी विळा ठेवावा. जनावरे हलविणे अशक्य झाल्यास दावी सोडून फाटक उघडे करावे. वाहत्या पाण्यातून गुरे हाकण्याचे टाळावे. पिंजऱ्यातील पक्षी व खुराड्यातील कोंबड्या उंच जागी हलवाव्यात. सहचर प्राणी नेणे अगदीच अशक्य असल्यास त्याला मोकळे, वरच्या मजल्यावर, मुबलक पाणी व कोरडे खाद्य ठेवून ही बाब बचाव पथकास व शेजाऱ्यास कळवावी.

भूकंप व आग

भूकंपाच्या वेळी हादरे चालू असताना प्राण्याला पकडण्यासाठी धावणे धोक्याचे असते. भेदरलेला प्राणी चावू शकतो. हादरे थांबल्यावर दारे उघडण्यापूर्वी कुत्र्याला साखळी लावावी. प्राण्यांना भूकंपाची चाहूल लागते असा समज जुना आहे, परंतु त्यावर विसंबता येईल अशी भाकीतपद्धती विकसित झालेली नाही. आगीच्या वेळी क्षणभरात प्राणी हाती लागला नाही, तर दार उघडे ठेवून माणसांनी बाहेर पडावे व तो बहुधा कोठे लपतो हे अग्निशामक दलाला सांगावे.

उष्णतेची लाट व वीज

कुत्र्याच्या शरीरातील उष्णता मुख्यत्वे धापेवाटे बाहेर पडते. बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली काही मिनिटांतच त्याला उष्माघात होऊ शकतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना हा धोका अधिक असतो. अशा वेळी प्राण्याला सावलीत आणून साध्या थंड पाण्याने भिजवावे, वारा घालावा व त्यानंतर दवाखान्यात न्यावे. विजांच्या वेळी गुरे एकाकी झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाजवळ थांबू देऊ नयेत.

आपत्तीनंतर

पूर ओसरल्यावर घरात व गोठ्यात साप आश्रयाला आलेले असतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे महाराष्ट्रातील प्रमुख विषारी साप आहेत. प्राणी आत सोडण्यापूर्वी काठीने अडगळ हलवून पाहावी. पुराचे पाणी प्यायल्याने, तसेच त्या पाण्यातील जंतू जखमेवाटे शरीरात गेल्याने प्राण्यांना व माणसांना लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर या रोगाची साथ आली होती.

भिजून बुरशी लागलेला चारा गुरांना देऊ नये. उपाशी गुरांपुढे एकदम भरपूर कोवळा हिरवा चारा टाकल्यास पोटफुगी होण्याचा संभव असतो. मृत जनावरे विहिरी व ओढे यांपासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली जातात. पुरण्यापूर्वी पंचनामा व कानातील बिल्ल्याची नोंद करून घेणे भरपाईसाठी आवश्यक असते.

बिथरलेल्या प्राण्याने चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून त्वरित रेबीजप्रतिबंधक उपचार घ्यावेत. हरवलेल्या प्राण्याचा शोध प्रथम घराच्या आसपासच घ्यावा. मांजरे बहुधा जवळच लपून राहतात आणि रात्री शांतता झाल्यावर हाकेला प्रतिसाद देतात.

मर्यादा व मतभेद

माणसांसाठी नौका अपुऱ्या असताना प्राण्यांना जागा द्यावी काय, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या आपत्तीत उपस्थित होतो. मनुष्यजीवाला अग्रक्रम देण्याबद्दल सर्वसाधारण एकमत आहे. मात्र प्राण्यांची सोय आधीच केलेली असल्यास माणसे लवकर बाहेर पडतात आणि असा पेच उद्भवण्याचे प्रसंग घटतात, असा प्राण्यांसह स्थलांतराच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद आहे. निवारा केंद्रातील स्वच्छता, लहान मुलांची सुरक्षितता, ॲलर्जी आणि काहींना वाटणारी प्राण्यांची भीती हे विरोधी बाजूचे आक्षेप आहेत. स्वतंत्र छपरी, बांधण्याची निश्चित जागा व मालकाने करावयाची साफसफाई यांतून त्यांचे बरेचसे निराकरण होऊ शकते. दुष्काळात महाराष्ट्रात उभारल्या जाणाऱ्या चारा छावण्या हे जनावरे व त्यांचे मालक यांच्या एकत्रित निवाऱ्याचे प्रस्थापित उदाहरण आहे. पूरकाळासाठी उंच जागी अशाच छावण्या आधी ठरवून ठेवाव्यात, अशी मांडणी त्यावरून केली जाते.

हे सुद्धा पहा

• आपत्ती व्यवस्थापन
• राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण
• पशुसंवर्धन
• रेबीज
• लेप्टोस्पायरोसिस
• चारा छावणी